प्रॉपर्टी नल येते तेव्हा

प्रिय मित्रा,

सीमध्ये लिहिलेल्या तुझ्या पीएचपी एक्स्टेन्शनमध्ये मूळ क्लासवर टेस्ट पास, पण कुणी तो एक्स्टेंड करून चाइल्ड क्लास बनवला की तीच प्रायव्हेट प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, हे तू सांगितलंस तेव्हाच संशय स्कोपवर, म्हणजे कुठल्या क्लासच्या नजरेने प्रॉपर्टी वाचली जाते त्यावर गेला. कोडमध्येही तेच निघालं. झेंड_रीड_प्रॉपर्टी या प्रॉपर्टी वाचणाऱ्या सी फंक्शनला स्कोप म्हणून तू हातातल्या ऑब्जेक्टचाच क्लास काढून देतोस. ऑब्जेक्ट चाइल्डचा असला की स्कोपही चाइल्ड, आणि पॅरेंटचं प्रायव्हेट चाइल्डला दिसत नाही. मग इंजिन त्या नावाची डायनॅमिक, म्हणजे क्लासमध्ये जाहीर न केलेली प्रॉपर्टी शोधतं, ती नसतेच, आणि तुला नल मिळतं. वर त्याच फंक्शनच्या सायलेंट या आर्ग्युमेंटला १ देऊन तू वॉर्निंगचं तोंड बांधलंयस. डीबग करताना तिथे ० ठेव. एमइनिटमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शन लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, क्लास रजिस्टर करताना जो पॉइंटर ग्लोबलमध्ये ठेवलायस, तोच स्कोप म्हणून दे.

लिहिताना हा घोळ जास्त महागात पडतो. चुकीच्या स्कोपने अपडेट केलंस की त्याच नावाची दुसरी प्रॉपर्टी तयार होते. पीएचपीच्या व्हार_डंपने ऑब्जेक्ट छापून बघ, दोन्ही दिसतील: एकीला क्लासचं नाव आणि प्रायव्हेट चिकटलेलं, दुसरी मोकळी. पीएचपी ८.२ पासून निदान डेप्रिकेटेड म्हणून ओरडा होतो. त्याआधी चकार शब्द नाही.

यातून वाट काढायला प्रॉपर्टीच्या हॅश टेबलात थेट हात घालू नकोस. प्रायव्हेटची की (key) तिथे नल बाइट (शून्य किमतीचा बाइट), क्लासचं नाव, पुन्हा नल बाइट आणि मग प्रॉपर्टीचं नाव अशी असते. प्रोटेक्टेड असेल तर क्लासच्या जागी * हे चिन्ह. साध्या नावाने शोधून काही हाती लागत नाही.

आणि झेंड_रीड_प्रॉपर्टीकडून परत आलेला पॉइंटर सीचा नल आहे का, ही तुझी तपासणी काढ. प्रॉपर्टी सापडली नाही तरी पॉइंटर येतोच, फक्त तो नल झेडव्हॅलकडे (झेडव्हॅल म्हणजे इंजिन पीएचपीचं मूल्य ठेवतं ते स्ट्रक्चर) बोट दाखवतो. त्या झेडव्हॅलचा टाइप तपास.

पीएचपी ८ वर तुझा प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन कोसळतो, ते कारण वेगळं. ८.० पासून झेंड_रीड_प्रॉपर्टी ऑब्जेक्टसाठी झेडव्हॅलचा नव्हे, झेंड_ऑब्जेक्टचा पॉइंटर मागतं. मेक चालवताना कंपायलरने पॉइंटरच्या टाइपची वॉर्निंग दिली असणार. ती स्क्रोल करून पुढे जायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

एवढं करूनही अडलं तर पीएचपीचा डीबग बिल्ड घे, जीडीबी या डीबगरमध्ये झेंड_एसटीडी_रीड_प्रॉपर्टी या इंजिनच्या आतल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लाव आणि तिथे फेक_स्कोपमध्ये, म्हणजे तू दिलेला स्कोप इंजिन जिथे ठेवतं तिथे, कुठला क्लास आहे ते बघ. काय दिसलं ते कळव.