मौनात राहणाऱ्या माणसानं एवढं का लिहावं?

प्रश्न: ताई नमस्कार, सध्या थॉमस मर्टन या अमेरिकन कॅथलिक धर्मगुरूंबद्दल वाचतोय. ट्रॅपिस्ट या कडक शिस्तीच्या कॅथलिक पंथाच्या मठात राहायचे, मौन, ध्यान सगळं पाळायचे, आणि दुसरीकडे पुस्तकांचा हा ढीग! देवासाठी जग सोडलं तर लिखाणाचा एवढा सोस कशाला? की प्रार्थना नावालाच होती?

उत्तर: नावाला अजिबात नव्हती हो. १९६५ मध्ये ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आपल्या गेथसेमनी मठाच्याच आवारात, झाडीतल्या सिमेंट ब्लॉकच्या छोट्या घरात एकटे राहायला गेले आणि १९६६ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या एका सूफी अभ्यासकानं विचारलं म्हणून त्यांनी पत्रात आपला दिवस लिहून कळवला. संध्याकाळी साडेसातला झोपायचं, रात्री अडीचला उठायचं, मग स्तोत्रं, मग तास-सव्वा तास नुसतं ध्यान, मग बायबल, सूर्य उगवला की पुन्हा स्तोत्रं, झाडलोट, लाकूडतोड. आणि लिखाणाला? रोज जेमतेम दीड-दोन तास!

बरं, ट्रॅपिस्ट लोक मुके नसतात, गरजेपुरतं बोलतात, तेव्हा तर खाणाखुणांची भाषाच असायची.

सोस म्हणाल तर तो त्यांनाही छळायचा. १९४१ मध्ये २६ व्या वर्षी मठात आले ते लेखकपण बाहेर ठेवायच्या तयारीनं, पण तिथले मठाधिपती फ्रेडरिक डन हे पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा, त्यांनीच सांगितलं की लिही. त्यातून आलेलं आत्मचरित्र १९४८ मध्ये छापलं गेलं आणि लाखांनी खपलं, पैसा सगळा मठाकडे कारण मठवाश्याच्या नावावर काहीच नसतं. पुढच्या वर्षी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

मला स्वतःला १९६२ ची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. अणुयुद्धाविरुद्ध, शांततेवर त्यांचं अख्खं पुस्तक लिहून तयार होतं आणि पंथाच्या वरिष्ठांकडून निरोप आला की युद्ध-शांतता या विषयावर छापायचं नाही, हे संन्याशाचं काम नाही. त्यांना हे मनापासून पटलं नव्हतं, पत्रांतून चिडलेत पण, पण पुस्तक छापायला दिलं नाही. सायक्लोस्टाईल केलेल्या प्रती तेवढ्या मित्रांकडे फिरल्या. ते पुस्तक बाजारात आलं थेट २००४ मध्ये, आणि मर्टन तर १९६८ लाच बँकॉकजवळ अपघातात गेले होते. ज्याला नावाचाच सोस आहे तो अशा वेळी मठ सोडून प्रकाशक गाठतो, नाही का? हे राहिले आणि पहाटेची स्तोत्रं म्हणत राहिले. माझ्या मते ध्यानातून जे दिसलं तेच त्यांना गप्प बसू देत नव्हतं.

एक सुचवते, फक्त आत्मचरित्रावर थांबू नका, त्यात नव्यानं श्रद्धा सापडलेल्या तरुणाचा कडकपणा आहे, इतर पंथांबद्दल फटकन बोललेत. नंतरच्या डायऱ्या वाचा, त्यात हाच माणूस मृत्यूच्या महिनाभर आधी धरमशालेला दलाई लामांकडे ध्यानाबद्दल विचारायला गेलेला दिसेल.