पावसात फिरणं बंद, मग बीपीसाठी भिंतीला टेकून बसलं तर चालेल का?

खानापूरच्या पावसात बाबांचं सकाळचं फिरणं बंद पडलंय, वय ५६, गोळी चालू असूनही बीपी १४८/९२. भिंतीला टेकून अधांतरी बसू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. बसू द्या, पण डॉक्टरांना विचारून. वरचा आकडा १८०च्या किंवा खालचा ११०च्या पुढे जात असेल, हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल, हर्निया असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन ताजं असेल तर सध्या नको.

पाठ भिंतीला सपाट, टाचा दीड-दोन फूट पुढे, पावलं खांद्याइतकी फाकलेली. मग पाठ घसरवत खाली यायचं. मांड्या जमिनीला समांतर आल्याच पाहिजेत असं काही नाही, निम्म्या वाटेवर थांबलं तरी सुरुवातीला पुष्कळ. २ मिनिटं तसंच राहायचं, २ मिनिटं घरातल्या घरात फिरायचं, असं ४ वेळा, आठवड्यातून ३ दिवस. चौथ्या वेळी शेवटच्या अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरल्या पाहिजेत, तरी बोलता आलं पाहिजे. पहिल्याच वेळी थरथरल्या तर चार बोटं वर सरका. पायमोजे नकोत, आणि पावसाळ्यात फरशीला ओल सुटते ती आधी पुसा. बहुतेक जण घसरतात ते इथेच.

खरी गफलत श्वासाची. तालमीची सवय असलेला माणूस जोर लागला की दम कोंडतो, आणि दम कोंडला की बीपी तेवढ्यापुरतं झपकन चढतं. बाबांना १ ते १२० मोठ्याने मोजायला लावा. आकडा अडखळला तर लगेच उभं राहायचं, सावकाश, भिंत धरून. झटक्यात उठलं तर भोवळ येते.

आवळलेल्या स्नायूत रक्त कमी जातं, सैल सोडल्यावर जोरात धावतं. त्या झोताने रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्या सैलावतात. २०२३ साली २७० चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात अशा स्थिर व्यायामाने बीपी सरासरी ८/४ने उतरलं. चालण्या-धावण्याने साधारण ४.५/२.५ने. म्हणजे १४८चे १४०, तेही सांडगी मिरची आणि पापड ताटातून कमी केले तर टिकणार. गोळी मात्र सोडायची नाही.

व्यायाम झाल्या झाल्या मशीन लावू नका, आकडा फसवा येतो. सकाळी गोळीआधी, ५ मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. महिना-दोन महिन्यांची वही डॉक्टरांना दाखवा. ऊन पडलं, फिरणं सुरू झालं, तरी हे ३ दिवस चालूच ठेवा. सोडलं की उतरलेलं बीपी काही आठवड्यांत परत चढतं.