ऑपरेशन की इंजेक्शन ते नंतर, आधी राजीनामा थांबवा

पत्र थोडक्यात असं: वय ३४, पाच वर्षांपासून क्रोन्स (आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारा जुनाट आजार), लहान आतड्याच्या शेवटचा साधारण १५ सेंटीमीटर भाग सुजलेला, गोळ्या आणि स्टिरॉइडने भागत नाहीये. डॉक्टर म्हणतात एकतर दुर्बिणीने तेवढा भाग काढू नाहीतर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन सुरू करू. ऑपरेशनला पाच महिन्यांचे पगार, इंजेक्शनच्या एका डोसला एक पगार, शिल्लक चौदा पगार. "ऑपरेशन करून एकदाचा मोकळा होतो आणि जॉब सोडून स्वतःचं काम सुरू करतो. नवीन हेल्थ पॉलिसी घेऊन ठेवलीय, एजंट म्हणाला फॉर्मवर क्रोन्स लिहू नका, प्रीमियम वाढेल. सोबत क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजारांचा वेगळा विमा, पण दिलाय, दोन्ही मिळून वर्षाला दोन पगार. स्वस्त काय पडेल?"

स्वस्त ऑपरेशन. हिशोब सोपाय. इन्फ्लिक्सिमॅब सुरुवातीला ०, २, ६ आठवड्यांनी आणि मग दर ८ आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षी आठ डोस, पुढे वर्षाला साडेसहा धरा, पाच वर्षांत ३४ पगार. तुमचे चौदा दुसरं वर्ष संपताना संपले. आणि थोड्याच लांबीचा भाग खराब असेल तर लवकर ऑपरेशन हा आता मागासलेला उपाय राहिलेला नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये १४३ पेशंटवर हीच तुलना झाली होती. साधारण पाच वर्षांनी बघितलं तर इंजेक्शनवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना शेवटी ऑपरेशन लागलंच, आणि ऑपरेशनवाल्यांपैकी चारातल्या एकाला नंतर तसलंच औषध सुरू करावं लागलं. वैद्यकीय निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचा, मी फक्त पैसे मोजतोय.

पण तो "एकदाचा मोकळा" शब्द मला खटकला. क्रोन्स कापून जात नाही हो, पुष्कळदा जिथे जोडलंय तिथेच परत डोकं वर काढतो, म्हणून तर ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभरात कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून बघतात. तुम्ही त्या चारातले एक निघालात तर? चौदातले पाच ऑपरेशनला, आठ पहिल्या वर्षीच्या डोसना, हातात उरला एक पगार, आणि तोही आता येत नाही कारण जॉब सोडलाय.

आता मुद्द्याचं. ती नवीन पॉलिसी मला कागदाचा तुकडा वाटतेय. तुम्ही पहिला क्लेम टाकाल तेव्हा डिस्चार्ज समरीच्या वरच्याच दोन ओळींत लिहिलेलं असेल की पाच वर्षांपासून क्रोन्स, आणि तुमच्या सहीच्या फॉर्मवर "आधीचा आजार" पुढे "नाही". क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही, त्याचं कमिशन केव्हाच जमा झालंय. आणि क्रिटिकल इलनेसचं म्हणाल तर त्यात कॅन्सर, हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी फेल अशी ठरलेली यादी असते, क्रोन्स बहुतेक वेळा त्यात नसतोच, असला तर इतक्या अटींसकट की तुम्ही त्यात बसू नये अशीच प्रार्थना करा. ज्या माणसाचं आतडं सुजलंय त्याला हे विकणाऱ्याला काय म्हणावं! वर्षाला दोन पगार म्हणजे दोन डोसचे पैसे.

तर या आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवा की हा आजार होता, फॉर्मवर राहून गेला. प्रीमियम वाढवतील, काही वर्षं थांबा म्हणतील, कदाचित नाहीच म्हणतील. म्हणू देत, ऑपरेशन टेबलवर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. पॉलिसी परत करायची मुदत शिल्लक असेल तर सरळ परत करा.

ऑफिसच्या ग्रुप इन्शुरन्सबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही, आणि तुमच्याकडे असलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू बहुधा तीच आहे. अशा विम्यात जुना आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरतात. एचआरला तीनच गोष्टी विचारा: क्रोन्स धरलाय का, ऑपरेशनला मर्यादा किती, आणि इन्फ्लिक्सिमॅब डे-केअरमध्ये बसतं का, कारण ते सलाईनसारखं दोनेक तास चढवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात, मग कंपन्या त्याला ओपीडी म्हणून झटकतात. ऑपरेशन याच विम्यात होऊ शकत असेल तर पाच पगारही वाचले. कोलोनोस्कोपीचा निकाल हातात येईपर्यंत जॉब सोडायचा नाही, म्हणजे धंदा वर्षभर लांबला, लांबू दे.

इंजेक्शनवर जायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, स्वस्त मिळतं का बघा. आणि डोस वजनावर असतो, किलोला ५ मिलिग्रॅम, तुमचं वजन ६२ म्हणजे ३१०, कुपी येते १०० ची, म्हणजे १० मिलिग्रॅमसाठी चौथी कुपी फुटते आणि बिल चारचं. ३०० वर भागेल का एवढं डॉक्टरांना विचारायला लाजू नका, स्वतःच्या मनाने मात्र कमी करू नका.

पत्राच्या शेवटी "सिगरेट दिवसाला चारच" असं लिहिलंय. ऑपरेशननंतर आजार परत येण्याची शक्यता सिगरेटने साधारण दुप्पट होते, त्यामुळे वरचा माझा सगळा हिशोब तुमच्यासाठी जरा आशावादीच समजा.

भरलेल्या फॉर्मची कॉपी आणि एचआरचं उत्तर पाठवा, मग धंद्याच्या भांडवलाचं बघू.