आधी भोकं बुजवा, मग पिंजरा लावा

प्रश्न : आमचं घर निफाड तालुक्यात, मळ्यात आहे. विटांच्या भिंती, वर पत्रा. सोयाबीन-मका निघाली की उंदीर घरात शिरतात. थंडीत तर रात्रभर माळ्यावर नुसती धावपळ. गोधड्या कुरतडल्या, मोटारसायकलची वायर तोडली. सासूबाई म्हणतात, मांजर पाळू. ह्यांनी दुकानातून उंदीर मारायची पेस्ट आणून ठेवलीय. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. काय करू?

उत्तर : ताई, बाकीचं सावकाश वाचा, आधी ती पेस्ट घराबाहेर काढा. उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या-कुत्री उकरतात. दुकानदाराला परत द्या. अशा ट्यूबमध्ये बहुतेक पिवळा फॉस्फरस असतो. लेकराच्या तोंडात थोडीशी गेली तरी यकृत निकामी होऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. पहिले एक-दोन दिवस मूल बरं दिसू शकतं, म्हणून घरचे थांबतात आणि तिथेच घात होतो. कधी नुसती शंका आली तरी ट्यूब सोबत घेऊन तडक मोठं हॉस्पिटल गाठा. झिंक फॉस्फाइडची काळी पूडही तितकीच वाईट. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो.

आता उंदरांचं. शेतात पीक उभं असतं तोवर त्यांना दाणा आणि आडोसा दोन्ही तिथेच मिळतं. काढणी झाली, रान मोकळं झालं, त्यात निफाडची थंडी. तुमच्या पडवीत मक्याची कणसं, माळ्यावर उबदार गोधड्या. ते येणारच. मादी तीनेक आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. म्हणून आतले मारत बसलात आणि वाट उघडी ठेवलीत, तर हे काम संपत नाही.

वाटा शोधा. दुपारी घरातले दिवे मालवा, दारं-खिडक्या लावा आणि भिंतीच्या माथ्याकडे बघा. पत्र्याच्या नाळ्या भिंतीवर टेकतात तिथे उजेडाचे अर्धगोल दिसतील. पत्र्याच्या घरात बरीच ये-जा तिथूनच होते आणि तिकडे कुणी बघत नाही. मग वाशांवर, भिंतीच्या कडेला काळपट तेलकट पट्टा दिसतो का पाहा. उंदीर रोज एकाच वाटेने अंग घासत जातो, त्याचा तो डाग. मोरीचा पाइप, मीटरच्या वायरीचं भोक, दाराखालची फट हेही तपासा. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. कुठलं भोक चालू आहे ते कळत नसेल, तर संध्याकाळी सगळ्यांत कागदाचे बोळे सैल कोंबा. सकाळी जे बाहेर पडलेले असतील, ती चालू.

बुजवताना चिंध्या, थर्माकोल नको. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, तो कुरतडतच राहतो. भोकात तारेची घासणी दाबून बसवा आणि वरून सिमेंट लिंपा. आपले जुने गवंडी सिमेंटात काचांचा चुरा घालतात, तेही उत्तम. नाळ्यांतही असाच माल भरा. मोरीला बारीक लोखंडी जाळी, दाराला खालून पत्र्याची पट्टी. पत्र्यावर टेकलेल्या झाडाच्या फांद्या छाटा. कडब्याची गंजी भिंतीला लागून असेल तर ती लांब हलवा, उंदरांची खरी वसाहत तीच असते. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. पोतीच असतील तर फळ्यांवर आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब, म्हणजे मागे झाडू फिरतो.

मग पिंजरा. भिंतीला लागून, त्या तेलकट वाटेवरच ठेवा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्या दोन-तीन रात्री दार तारेने बांधून उघडंच ठेवा आणि आत भाजलेलं खोबरं किंवा सुकटीची चिमूट टाका. निर्धास्तपणे खायला लागला की दार लावायचं. गावोगाव बायकांच्या बैठका घेत असताना मी हे सांगायचे. घाई न करणाऱ्यांचा पिंजरा भरायचा.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. मांजर पाळा, तिच्या वासानेही उंदीर जपून राहतात. पण मग घरात विषारी वड्या ठेवायच्या नाहीत. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर ती जाते, आणि रात्री बांधावर बसणारं गव्हाणी घुबडही जातं. ते घुबड तुमच्या शेताची राखण करतं, त्याला हाकलू देऊ नका.

माळा झाडताना लेंड्या कोरड्या झाडू नका. नाका-तोंडाला फडकं बांधा, ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ भिजू द्या, मग पुसून घ्या. आणि विष ठेवलेलं नसताना घरात उंदीर पटापट मरून पडायला लागले, तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. १९९३च्या भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले, धान्य आतच राहिलं, उंदीर माजले, आणि १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला. मेलेले उंदीर ही त्याची पहिली खूण असते.

प्रश्न : कराडला आमच्या स्वयंपाकघरात रात्री चिचुंद्री फिरते. तिलाही पिंजरा लावायचा का?

उत्तर : नको. चिचुंद्री उंदराच्या जातीची नाही. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, चिकचिक आवाज आणि उग्र वास. ती धान्य-कपडे कुरतडत नाही, झुरळं आणि किडे खाते. वास सहन होत नसेल तर संध्याकाळी परसदार थोडं उघडं ठेवा, ती भिंतीच्या कडेने आपली निघून जाईल. मग दाराखाली पट्टी ठोका आणि ओट्याखालची झुरळं आवरा, झुरळं आहेत म्हणूनच चिचुंद्री येते.