रेट्रो स्टिक घ्यावी की नवा कन्सोल?

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघांना नवा कन्सोल हवा आहे. मी लहानपणी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर काँट्रा आणि मारिओ खेळायचो. तेच गेम असलेली 'दहा हजार गेम्स'ची, टीव्हीला लावायची एचडीएमआय स्टिक आता अगदी स्वस्तात मिळते. तिच्यावर भागेल, की पीएस 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एस घ्यावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्वतःच्या हौसेसाठी स्टिक जरूर घ्या, पण मुलांची समजूत काढायला घेऊ नका. बारा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींबरोबर जे गेम खेळायचे असतात, ते त्यात नसतात. दहा हजारांचा आकडाही फुगवलेला असतो. एकाच गेमची जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्ती वेगवेगळी मोजलेली सापडते. शिवाय यातले बहुतेक गेम विनापरवाना भरलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

स्टिकमध्ये सगळ्यात आधी दगा देतं ते मेमरी कार्ड. ते हलक्या प्रतीचं असतं, आणि गेम सेव्ह होत असताना कुणी बटण बंद केलं की फाइल्स खराब होतात. म्हणून पहिल्याच दिवशी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा, विन32 डिस्क इमेजर या प्रोग्रॅमने त्याची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि ती नामांकित कंपनीच्या कार्डावर उतरवा. फाइल्स नुसत्या कॉपी-पेस्ट केल्या तर काही स्टिक सुरूच होत नाहीत, कारण सिस्टिमचा भाग कार्डाच्या लपलेल्या कप्प्यात (पार्टिशनमध्ये) असतो. दोन 64 जीबी कार्डांची खरी क्षमता थोडी कमी-जास्त असते, त्यामुळे जुनं कार्ड 64 चं असेल तर इमेज नक्की मावावी म्हणून नवं 128 जीबीचं घेतलेलं बरं.

खेळता खेळता स्टिक आपोआप रीस्टार्ट होत असेल तर वीज कमी पडते आहे. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो. मोबाइलचा 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा चार्जर लावा. रिमोटचा संपर्क मधेच तुटत असेल तर त्याचा रिसीव्हर टीव्हीच्या मागे अडकला आहे का पाहा, आणि छोट्या यूएसबी एक्स्टेन्शनने तो पुढे आणा.

बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो, ही तक्रार हमखास येते. हे गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम 17 मिलिसेकंद. एलईडी टीव्ही प्रत्येक चित्र 'सुधारत' बसतो आणि तेवढ्यात खड्डा येतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड हाताने सुरू करा. टीव्हीत सोय असेल तर पीएस 5 आणि एक्सबॉक्स तो आपोआप सुरू करून घेतात. स्वस्त स्टिक तसा इशारा देत नाही. चित्राचा आकारही जुन्या टीव्हीसारखा 4:3 ठेवा, नाहीतर मारिओ आडवा पसरतो.

आता नव्या कन्सोलकडे. तुमचा काँट्रा तिथेही आहे. कोनामीने 2019 मध्ये जुन्या काँट्रांचा अधिकृत संच काढला. त्याच्या पीएस 4 आणि एक्सबॉक्स वन या आधीच्या यंत्रांसाठीच्या आवृत्त्या नव्या यंत्रांवर चालतात, दोघांना एकत्र खेळता येतं आणि तीस जीव देणारा अप-अप-डाउन-डाउनचा बटणांचा क्रमही चालतो. तुमचा जुना मारिओ मात्र निन्टेन्डोच्या यंत्राखेरीज अधिकृतपणे मिळत नाही. त्याच्यावाचून चालणार नसेल तर या दोन्ही कन्सोलांचा विचार सोडा.

या दोघांत आमचा कौल डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस 5 ला. सिरीज एसमध्ये डिस्क घालायची सोयच नाही. त्यामुळे गेम संपल्यावर विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, आणि प्रत्येक गेम डाउनलोडच करावा लागतो. 40 एमबीपीएसच्या लाइनवर 100 जीबीच्या गेमला साडेपाच तास लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर. सिरीज एसच्या 512 जीबीच्या मॉडेलमध्ये वापरायला साधारण 364 जीबीच उरतात. असे तीन गेम भरले की चौथ्यासाठी एक काढावा लागतो. बजेटच नसेल तर सिरीज एस वाईट नाही, पण वर्षभराच्या गेम्सचा खर्च आधी मांडा.

दोन भावंडं आहेत, तेव्हा दुसरा कंट्रोलर पहिल्याच खरेदीत धरा. गेम घेताना एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतो का ते तपासा. कित्येक गेम्समध्ये 'मल्टिप्लेअर' म्हणजे फक्त ऑनलाइन असतं. पीएस 5 भिंतीपासून किमान 10 सेंटिमीटर दूर ठेवा. बंद शोकेसमध्ये कोंबला तर पंखा गरम हवाच फिरवत राहतो.

प्रश्न : माळ्यावर जुना कॅसेटवाला गेम सापडला. नव्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं आणि बंदूक चालत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : रंग नसणं हा बहुधा पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन रंगपद्धतींचा घोळ आहे. टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टिम 'ऑटो'वरून काढून दोन्ही पर्याय आलटून-पालटून पाहा. टीव्हीला एव्हीची, म्हणजे जुन्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांची, सोयच नसेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टर लागतो. दुकानात चुकून उलटा, 'एचडीएमआय टू एव्ही' गळ्यात मारतात. डब्यावरचा बाण वाचून घ्या.

बंदुकीला इलाज नाही. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश टिपतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेळेला बांधलेलं आहे. एलईडीवर तो चौकोन उशिरा पोहोचतो.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. कापसाच्या काडीला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून कन्सोल आणणार आहे. इथे चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मागच्या लेबलवर 100–240 व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. 120 व्होल्टच लिहिलं असेल, जसं जुन्या अमेरिकी यंत्रांवर असतं, तर थेट लावल्यास अडॅप्टर जळेल. पीएस 5 च्या परदेशी डिस्क इथे चालतात, पण त्यांचे डाउनलोड होणारे जादा भाग त्याच प्रदेशाच्या अकाउंटवरून घ्यावे लागतात. वॉरंटी इथे मिळेल का, हे भावाने पैसे भरण्याआधीच कंपनीला विचारून घ्यावं.