बॉक्सवुडला कात्री लावण्याआधी

रोपं आणलीत, छान. आता घाई मात्र सोडा. बॉक्सवुड, म्हणजे कुंपणाला लावतात ते बारीक पानांचं सदाहरित झुडूप, वर्षाला जेमतेम 10-15 सेंटीमीटर वाढतं, गोल किंवा शंकूचा आकार धरायला काही वर्षं जातात. कुंपणासाठी दोन रोपांत 25-30 सेंटीमीटर अंतर पुरे. मुळं वरवरच पसरतात, म्हणून बुंध्याशी खुरपं चालवू नका. पाणी साचलं की संपलंच.

छाटणी ढगाळ दिवशी करा. मी एकदा भर उन्हात कात्री चालवली आणि आठवड्याभरात वरची पानं करपून तांबूस झाली. कुंपण तळाशी थोडं रुंद, वर निमुळतं ठेवा. उलट केलंत तर खालच्या फांद्या उन्हाअभावी बोडक्या होतात.

खरी डोकेदुखी म्हणजे बुरशीचा करपा. पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या फांद्यांवर काळे ओरखड्यासारखे पट्टे, मग पानगळ. पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या, झाड ओलं असताना छाटू नका, कात्री स्पिरिटने पुसत जा. दुसरा त्रास किडीचा: झुडपाच्या आत जाळी दिसली तर हिरव्या-काळ्या अळ्या शोधा; बाहेरून बराच काळ कळतच नाही. आणि हो, पानं विषारी असतात, छाटलेला पाला जनावरांपुढे टाकू नका.