उंदीर सुखवादी नसतो

प्रश्न असा आला आहे: "उंदरांच्या मेंदूतली रसायनं आणि त्यांचं खाणं यावरच्या लेखाचं मराठी करते आहे. 'हेडॉनिक' भुकेला 'सुखवादी भूक' म्हणू का? आणि डोपामाइनला 'आनंदाचं रसायन' चालेल ना?"

'सुखवादी' मुळीच नको. शब्दामागे 'वाद' लागला की तिथे मत आलं, भूमिका आली. चार्वाकाला खुशाल सुखवादी म्हणा. पिंजऱ्यातला उंदीर साखरेचं पाणी चाटतो तेव्हा तो कुठलाही वाद मांडत नसतो. पोट भरलेलं असताना निव्वळ चवीपोटी खावंसं वाटतं, ती 'हेडॉनिक' भूक. तिला आपल्या घराघरांत 'जिभेची भूक' म्हणतात. तिच्या जोडीला 'पोटाची भूक' आहेच. शिवाय 'खा खा सुटणे' आहे. मेंदूतल्या भूक जागवणाऱ्या 'एजीआरपी' पेशी प्रकाशाने चेतवल्या की पोट भरलेला उंदीरसुद्धा काही मिनिटांत अन्नावर तुटून पडतो, हे २०११ साली दाखवलं गेलं. त्या अवस्थेला याहून नेमका शब्द कुठल्या परिभाषेत सापडणार?

पण 'हेडॉनिक' हा शब्द परका समजून आपण त्याला मराठी कपडे शिवत बसलो आहोत, आणि तो तर घरचाच आहे! ग्रीक 'हेदोने' म्हणजे सुख. त्याच्या मागे 'हेदुस' म्हणजे गोड. शब्दाच्या सुरुवातीचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो, म्हणून आपलं 'सप्त' ते त्यांचं 'हेप्ता'. 'हेदुस'च्या आधी गळलेला 'स्व' परत लावा, की हाती येतो 'स्वादु'. लॅटिनमधला 'स्वाविस' आणि इंग्रजीतला 'स्वीट' ही त्याची सख्खी भावंडं. मिशिगन विद्यापीठाचे मेंदूसंशोधक केंट बेरिज मेंदूतल्या गोडी वाढवणाऱ्या ज्या इवल्या जागांना 'हेडॉनिक हॉटस्पॉट' म्हणतात, त्या शब्दशः स्वादस्थानं आहेत. (पाककृतीत 'स्वादानुसार मीठ' लिहिणाऱ्यांशी माझं भांडण कायम आहे. तिथे 'चवीपुरतं'च हवं.)

यावर संस्कृत शिकवणारी मंडळी लगेच सांगतात की स्वाद म्हणजे सु + अद्, 'छान खाणे'. ही फोड चुकीची आहे आणि ती पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतली जाते याचं मला वाईट वाटतं. संस्कृतात मूळचे ए, ओ आणि अ हे ऱ्हस्व स्वर एका 'अ'त मिसळून गेले, म्हणून नुसतं संस्कृत पाहून ही फोड खरी वाटते. लॅटिनकडे पाहा. खाण्याचा धातू तिथे 'एडो', त्यात ए. गोडाचा शब्द 'स्वाविस', त्यात आ. ग्रीकच्या डोरिक बोलीतही 'हादुस', म्हणजे आ. अद् आणि स्वद् हे मुळापासून दोन वेगळे धातू आहेत.

आता डोपामाइन. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणणं वर्तमानपत्रांनी इतकं रुळवलं आहे की उंदरांनी दिलेली साक्ष कोणी ऐकतच नाही. सिअ‍ॅटलच्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली मेंदूत डोपामाइन बनतच नाही असे उंदीर तयार झाले. ज्यापासून शरीरात डोपामाइन बनतं ते एल-डोपा टोचलं नाही तर ते काही आठवड्यांत उपासमारीने मरत. समोर अन्न असलं तरी! पण त्यांनाही साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी अधिक पसंत पडतं, हे पुढे २००३ मध्ये दिसलं. गोडी शाबूत होती, नव्हती ती खाण्यासाठी उठण्याची ओढ. त्याच वर्षी उलटी बाजूही तपासली गेली. ज्यांच्या मेंदूत डोपामाइन ७० टक्के जास्त, ते उंदीर गोडाकडे अधिक वेगाने धावले. पण गोड लागल्यावर उंदीर जीभ बाहेर काढून चाटतो, ती खूण काही त्यांच्या तोंडावर वाढली नाही. बेरिज यालाच आवडणं वेगळं आणि हवं असणं वेगळं म्हणतात.

आणि हे पाणिनीने व्याकरणात आधीच वेगळं करून ठेवलं आहे! 'रुच्यर्थानां प्रीयमाणः' या सूत्राने रुचण्याच्या अर्थाच्या क्रियापदांसोबत, ज्याला रुचतं त्याला चतुर्थी लागते. पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या टीकेतलं उदाहरण 'देवदत्ताय रोचते मोदकः'. दुसरं तर आपल्या स्वद् धातूचंच: 'यज्ञदत्ताय स्वदतेऽपूपः'. यांत कर्ता मोदक, कर्ता अपूप म्हणजे घारगा. देवदत्त नुसता बसला आहे, गोडी त्याच्याकडे येते. तीनच सूत्रं पुढे 'स्पृहेरीप्सितः'. तिथे चतुर्थी हव्या असलेल्या वस्तूला: 'पुष्पेभ्यः स्पृहयति'. कर्ता आता माणूस झाला, तो उठला आणि फुलांकडे निघाला. धावणारा उंदीर आणि जीभ चाटणारा उंदीर दोन निराळ्या सूत्रांत बसवलेले पाहून मी त्या दिवशी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

मराठीत मात्र 'मला लाडू आवडतो' आणि 'मला लाडू हवा', दोन्हीकडे 'मला'च. माझं ठाम मत आहे की आपली गफलत इथूनच सुरू होते. रचना एक झाली, म्हणून भावनाही एकच वाटू लागली. शब्द मात्र आपल्याकडे आहेत: 'हाव' आहे, 'वखवख' आहे. अन्नावरची 'वासना' उडते ती हीच. 'रुची' आहे, आणि गोव्यात कोकणीत चवीला 'रूच'च म्हणतात.

राहिला 'आनंद'. तो शब्द डोपामाइनला देता येणार नाही, कारण तो आधीच दिलेला आहे. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डेव्हेन, हानुश आणि मेशुलाम यांना डुकराच्या मेंदूत एक रेणू सापडला. त्याचं नाव त्यांनी संस्कृत 'आनंद' घेऊन 'आनंदामाइड' ठेवलं. हे उंदराला दिलं की जिभेकडून निघणाऱ्या नसा गोडाला जास्त जोराने प्रतिसाद देतात, आणि खारट, आंबट, कडू यांचा प्रतिसाद आहे तसाच राहतो, असं जपानी संशोधकांना २०१० साली आढळलं. तेव्हा बाई, तुमच्या लेखात आनंदामाइड आलं असेल तर तिथे 'आनंद' ठेवा आणि डोपामाइनच्या ओळीत 'हाव' लिहा. 'हेडॉनिक'ला 'स्वाद' चालेल की 'जिभेची भूक' हे वाक्य पाहून ठरवा. मला दोन्ही चालतील.